वेलोरच्या डॉ. आयडा स्कडर

मद्रासहून पश्चिमेस सुमारें ८५ मैलांवर वेलोर नांवाचें शहर आहे. इतिहासाच्या पुस्तकांत १८०६ सालच्या शिपायांच्या उठावाच्या निमित्तानें त्याचें नांव एकदां येऊन जातें, आणि परीक्षा संपली कीं विद्यार्थी तें विसरतात. परंतु ज्यांच्या घरीं कोणी असाध्य दुखण्यानें अंथरुणाला खिळलेलें आहे, अशीं माणसें तें नांव विसरत नाहींत. दूरदूरच्या प्रांतांतून, दोन दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून, रोगी तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत येत असतात. हें महाविद्यालय ज्या बाईंनीं काढलें त्यांचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ मुलामुलींना डॉक्टर होण्याची इच्छा असते. त्यांच्या आईबापांनाही ती असते, किंबहुना कांकणभर अधिकच असते. डॉक्टर कसें व्हावें हें सांगणारे पुष्कळ भेटतात. डॉक्टर कोणासाठीं घडवावा, आणि तो कोठें घडवावा, या प्रश्नापायीं जिनें आपलें उभें आयुष्य वेंचलें अशा एका बाईची हकीकत त्यांच्या वाचनांत यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

आयडा सोफिया स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजीं वेलोरजवळच्या राणीपेट गांवीं झाला. घराणें अमेरिकन, पण तीन पिढ्या हिंदुस्थानांत मुरलेलें. त्यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे न्यूयॉर्क येथील आपला चांगला चाललेला धंदा सोडून १८१९ सालीं सिलोनास आले व पुढें मद्रासकडे वळले. त्यांचे सात पुत्र याच देशांत मिशनच्या कामांत पडले. त्यांपैकीं एक आयडाबाईंचे वडील. त्यांचेंही नांव जॉन, व तेही डॉक्टरच. पांच भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक मुलगी. अशा घरांत जन्मलेली मुलगी वडिलांच्या वाटेनेंच जावयाची, असें कोणालाही वाटेल. परंतु आयडेच्या मनांत तसें कांहीं नव्हतें. १८७६ ते १८७८ या सालांतील मद्रास इलाख्याचा भयंकर दुष्काळ तिनें सहा-सात वर्षांच्या वयांत पाहिला होता. हातीं भाकरीचा तुकडा दिला तरी तो तोंडापर्यंत नेण्याचें त्राण ज्यांना उरलेलें नाहीं, अशा मुलांच्या तोंडांत घांस घालण्याचें काम तिच्या चिमुकल्या हातांनीं केलें होतें. त्या आठवणींनीं तिच्या मनांत या देशाविषयीं प्रेमापेक्षां भीतीच अधिक उत्पन्न केली. पुढें अमेरिकेस गेल्यावर नॉर्थफील्ड येथील मुलींच्या शाळेंत ती रमली. आपण येथेंच राहावें, लग्न करावें, सुखानें संसार करावा, मिशनच्या कामाच्या वाटेस म्हणून जाऊं नये, असें तिनें ठरवून टाकलें होतें. यांत तिला दोष देण्यासारखें कांहीं आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

१८९० सालीं आईच्या आजारपणामुळें तिला हिंदुस्थानांत परत यावें लागलें. तें थोड्या दिवसांपुरतेंच, अशी तिची समजूत होती. आईवडील त्या वेळीं तिंडिवनम् या गांवीं राहत असत. तेथें एका रात्रीं जें घडलें, त्यानें तिच्या आयुष्याची दिशाच बदलून गेली. रात्रीं ती वाचीत बसली असतां एक तरुण ब्राह्मण दाराशीं आला. त्याची बायको, अगदीं कोंवळ्या वयाची मुलगी, बाळंतपणांत अडली होती. सुइणीचे उपाय हरले होते. आयडा म्हणाली कीं आपणांस वैद्यकी येत नाहीं, पण वडील डॉक्टर आहेत, ते तत्काळ येतील. तेव्हां तो मनुष्य मागें सरला. परपुरुषानें आपल्या घरांतील स्त्रीला पाहावें हें त्याच्या रीतीभातींत बसत नव्हतें. तो निघून गेला. कांहीं वेळानें दुसरीं पावलें वाजलीं. आलेला गृहस्थ मुसलमान होता, आणि गाऱ्हाणें तेंच. त्यालाही डॉक्टर नको होता, डॉक्टरीण पाहिजे होती. तो गेला आणि तिसरा आला. हाही उच्च जातीचा हिंदू, आणि त्याचेंही तेंच मागणें, तेंच उत्तर. एकाच रात्रींत तीन दारीं मृत्यु उभा होता, औषध जाणणारा माणूस जवळच घरांत होता, आणि तरीही मदत पोहोंचूं शकत नव्हती. सकाळीं रस्त्यानें मर्तिकाच्या वाद्यांचा आवाज आला. आयडेनें नोकराला चौकशीस पाठविलें. तिन्ही स्त्रिया रात्रींतून मरण पावल्या होत्या.

ही कथा पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते, व ती ऐकून त्या तिघां नवऱ्यांना निष्ठुर ठरविण्याचा मोह होतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. ते रात्रीं अपरात्रीं परक्या माणसाच्या बंगल्यावर धांवत आले होते, तें बायकोच्या जिवासाठींच. चालीरीतीच्या भिंतीवर त्यांनीं डोकें आपटलें, पण ती त्यांच्यानें फुटली नाहीं. आयडेनेंही त्यांना नांवें ठेवलीं नाहींत. भिंत फोडणें आज आपल्या हातीं नाहीं, तर भिंतीच्या आंत जाऊं शकेल असें माणूस तयार केलें पाहिजे, असा सरळ हिशेब तिनें केला, आणि तें माणूस प्रथम आपणच व्हावयाचें ठरविलें.

त्याप्रमाणें ती अमेरिकेस परत गेली व १८९५ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाली. येथें महाराष्ट्रीय वाचकांस एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. हें तेंच महाविद्यालय, जेथून आमच्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं पदवी घेऊन बाहेर पडल्या. आनंदीबाई परत येऊन १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाची बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, निवर्तल्या. त्यांच्या हातून रोग्यांची सेवा होणें दैवानें लिहिलें नव्हतें. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनीं त्याच पायऱ्या चढून गेलेली दुसरी मुलगी वर्णानें परकी, पण जन्मानें इकडचीच होती. आयडाबाईंनीं शेवटचें शिक्षण न्यूयॉर्कच्या कॉर्नेल महाविद्यालयांत घेतलें. तेथें स्त्रियांना नुकताच प्रवेश मिळूं लागला होता, आणि १८९९ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या स्त्री-पदवीधरांत त्या होत्या. निघण्यापूर्वीं वेलोर येथें स्त्रियांसाठीं रुग्णालय बांधावयास त्यांना पैसा हवा होता. शेल नांवाच्या एका वृद्ध सराफी धंद्याच्या गृहस्थांनीं आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१९०० सालच्या पहिल्याच दिवशीं आयडाबाई वेलोरास पोहोंचल्या. बरोबर त्यांची मैत्रीण ॲनी हॅनकॉक होती. वडिलांच्या हाताखालीं राहून हळूहळू काम शिकावें, असा त्यांचा बेत होता; पण कांहीं महिन्यांतच वडील वारले, आणि वैद्यकीय परीक्षा होऊन एक वर्षही न झालेली ही तरुण बाई एकटी पडली. इस्पितळ अजून कागदावरच होतें. बंगल्यांतील एक लहानशी खोली हाच दवाखाना. घरकामास असलेली सालोमी नांवाची बाई हीच परिचारिका. तिलाच त्यांनीं जखमा धुण्यास व पट्ट्या बांधण्यास शिकविलें. आरंभीं लोक बिचकत. बाई डॉक्टर असूं शकते हेंच पुष्कळांना पटत नसे. मग एकीचा गुण दुसरीस कळला, आणि दोन वर्षांत सुमारें ५,००० रोगी त्या खोलींतून तपासून गेले. १९०२ सालीं ४० खाटांचें मेरी टेबर शेल रुग्णालय उघडलें.

येथेंच कोणी थांबला असता तरी त्याचें नांव राहिलें असतें. परंतु रुग्णालय जसजसें भरूं लागलें तसतशी आयडाबाईंना एक गोष्ट बोंचूं लागली. खेड्यांतून येणारे रोगी फार उशिरां येत. बैलगाडीनें एक-दोन दिवसांची वाट. हंगामाचे दिवस असले तर गाडी मोकळी नाहीं. मोकळी असली तर घरांत पैसा नाहीं. पायांतला साधा कांटा पिकून पाय कापण्याची वेळ यावी, डोळे आले असतां त्यांत भलभलतीं औषधें घालून दृष्टि जावी, अडलेली बाई तीन दिवसांनीं गाडींत घालून आणावी, अशा गोष्टी रोजच्या होत्या. ज्यांना येणें साधत नाहीं, त्यांच्याकडे आपण गेलें पाहिजे. म्हणून सुमारें १९०६ पासून आठवड्यांतून ठरलेल्या वारीं त्या औषधांची पेटी घेऊन खेड्यांच्या रस्त्यावर जाऊं लागल्या. १९०९ सालीं त्यांना देणगीदाखल एक लहान प्यूझो मोटार मिळाली आणि गुडियात्तमच्या रस्त्यावरची फेरी नियमित सुरू झाली.

त्या भागांत तोंवर मोटार कोणी पाहिलेली नव्हती. बैल नाहीं, घोडा नाहीं, आणि गाडी धूर सोडीत आपली आपण पळते, हें पाहून लोक शेतांत पळून जात. कांहींना तें भूतच वाटलें. पण भुताच्या पोटांतून औषध निघतें, असा अनुभव आल्यावर तेच लोक ठरलेल्या झाडाखालीं पहांटेपासून वाट पाहत बसूं लागले. चिंचेचें किंवा वडाचें झाड, त्याखालीं एक मेज, मेजावर बाटल्या व मलमांचे डबे, आणि भोंवतीं शें-दोनशें माणसें: असा हा रस्त्याकांठचा दवाखाना. एका झाडाखालचें काम आटोपलें कीं मोटार पुढच्या झाडाकडे निघे. खरूज, गळवें, जुनाट व्रण, डोळ्यांचे विकार, हिंवताप, पोटांतील जंत, किडलेले दांत यांचे उपाय तेथल्या तेथेंच होत. ज्याला शस्त्रक्रिया पाहिजे त्याला परतीच्या वेळीं मोटारींत घालून वेलोरास आणीत. त्या जिल्ह्यांत महारोगाचा प्रादुर्भाव मोठा होता. त्या रोग्यांना गांवांत कोणी उभें करीत नसे. पुढें या झाडांखालीं त्यांचीही रांग लागूं लागली व आठवड्याच्या आठवड्याला त्यांना टोचणी मिळूं लागली.

एवढें करूनही हिशेब जुळत नव्हता. एक बाई एका दिवशीं एकाच रस्त्यावर असूं शकते. परिचारिका तयार करण्याची शाळा १९०९ सालीं निघाली, तरी परिचारिका म्हणजे डॉक्टर नव्हे. परदेशांतून डॉक्टरिणी किती येणार, आणि आलेल्यांना भाषा येईपर्यंत दोन वर्षें जाणार. खेड्यांतील बायकांना त्यांच्याच भाषेंत बोलणाऱ्या, त्यांच्याच प्रांतांत वाढलेल्या डॉक्टरिणी पाहिजेत; आणि त्या तर इथल्याच मुलींतून तयार करावयास पाहिजेत. उत्तरेंत लुधियाना येथें डॉ. एडिथ ब्राउन यांनीं १८९४ सालींच स्त्रियांसाठीं अशी शाळा काढली होती. आमच्याकडे मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनीं १८९७ पासून तरुणांना वैद्यकी शिकविण्यास आरंभ केला होता. दक्षिणेंतील मुलींसाठीं मात्र असें कांहीं नव्हतें, आणि लुधियानाची वाट तामिळ किंवा तेलुगु मुलीला विलायतेच्या वाटेसारखीच परकी होती.

मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय खात्याचे मुख्य, कर्नल ब्रायसन, यांच्याकडे आयडाबाई परवानगी मागावयास गेल्या, तेव्हां त्यांना या कल्पनेचें हंसूंच आलें. मुली येणार कोठून? आल्या तर टिकणार कशा? तरी त्यांनीं परवानगी नाकारली नाहीं. निदान सहा मुली मिळाल्या तर शाळा काढावी, असें सांगितलें. अर्ज आले १५१! १२ ऑगस्ट १९१८ रोजीं, पहिलें महायुद्ध अजून चालू असतां, वेलोरच्या वैद्यकीय शाळेचा आरंभ झाला. इमारत भाड्याची, साधनें तुटपुंजीं, शिकविणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. आयडाबाई रुग्णालयाचें काम सांभाळून स्वतः शिकवीत. अभ्यासक्रम चार वर्षांचा असून तो पुरा करणाऱ्यास एल्. एम्. पी. ही सनद मिळे. विद्यापीठाच्या पदवीहून ती खालच्या पायरीची. पण रोगी तपासण्याचा पूर्ण अधिकार देणारी.

पहिली सरकारी परीक्षा मुलांच्या शाळांबरोबर एकत्रच होती. मुलींना अपयश आलें तर मनास लावून घेऊं नये, पहिल्या खेपेस मुलगेही फारसे उतरत नाहींत, असा धीर आयडाबाईंना अगोदरच देऊन ठेवण्यांत आला होता. निकाल लागला तेव्हां इलाख्यांतील मुलग्यांपैकीं पांचांत जेमतेम एक उत्तीर्ण झाला होता, आणि वेलोरच्या चौदाच्या चौदा मुली उत्तीर्ण झाल्या होत्या. कर्नलसाहेबांनींही पुढें त्यांचें कौतुक केलें, हें त्यांच्या मोठ्या मनाचें लक्षण होय. १९२२ सालीं हा पहिला वर्ग शिक्षण संपवून बाहेर पडला.

या शाळेंत मुली शिकत कशा, हें आम्हांस या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचें वाटतें, म्हणून येथें थोडें थांबतों. पुस्तक, शवविच्छेदन, रुग्णालयांतील खाटा, हें सर्व इतर शाळांप्रमाणेंच होतें. परंतु शिवाय रस्त्याकांठची फेरी होती. विद्यार्थिनी पाळीपाळीनें त्या मोटारींतून जात. रुग्णालयांतील रोगी हा धुतलेल्या चादरीवर निजलेला असतो. त्याचें घर, त्याचें पाणी, त्याची चूल यांपैकीं कांहींच डॉक्टरला दिसत नाहीं. झाडाखालीं तसें नव्हतें. समोर उभी असलेली बाई कोणत्या तळ्याचें पाणी पिते, तें तळें डोळ्यांसमोर असे. त्याच तळ्यांत गुरें डुंबत असत. मुलाच्या अंगावर खरूज कां हटत नाहीं, हें त्याच्या पाठीमागें उभीं असलेलीं चार भावंडें सांगत. नवजात मुलें सात-आठ दिवसांचीं होऊन धनुर्वातानें कां मरतात, हें पुस्तकांत वाचलेलें असे; ज्या विळ्यानें गवत कापलें त्यानेंच नाळ कापलेली पाहिली म्हणजे तें वाक्य पुन्हां वाचावें लागत नसे.

दुसरें असें कीं तेथें अडचणींत काम करावें लागे. दिवा नाहीं, वाहतें पाणी नाहीं, तपासावयास आडोसा नाहीं, आणि रांग तर संपत नाहीं. कोणाला आतांच पाहावयाचें, कोण दहा मिनिटें थांबूं शकतो, कोणाला आज रात्रींच शहरांत नेलें पाहिजे, हा निवाडा झटपट करावयास पाहिजे. मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत शिकलेला हुशार तरुण खेड्यांत गेला म्हणजे गोंधळतो, आणि खेड्यांतील लोक अडाणी आहेत असें म्हणून शहराकडे परत फिरतो, असा अनुभव आपल्या देशांत फार आहे. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांत त्या तरुणाचा दोष थोडा आहे. त्याला तेथें उभें राहण्यास कोणी शिकविलेलेंच नसतें. बोलण्याचीही एक विद्या असते. औषध दिवसांतून तीन वेळां घ्यावें हें घड्याळ नसलेल्या माणसाला कसें सांगावें, हें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं. वेलोरच्या मुली हें अठरा-एकोणीस वर्षांच्या वयांत शिकत.

या मुली कोण, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या, पुष्कळ अंशीं गरीब घरांतल्या. त्या काळीं सोळा-सतरा वर्षांची मुलगी चार वर्षें घराबाहेर ठेवावयाची, तिला मुडदे फाडावयास लावावयाचें, आणि लग्नाचें पुढें पाहूं म्हणावयाचें, याला आईबापांची छाती लागे. चरित्रकार आयडाबाईंच्या धैर्याचें वर्णन करतात व तें योग्यच आहे; पण त्या अनामिक आईबापांच्या धैर्याचें वर्णन कोणीं केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आयडाबाईंची सोबतीण गर्ट्रूड डॉड या सधन बाईंनीं आपला पैसा व आपलें आयुष्य या संस्थेच्या कामांत घातलें.

शाळा वाढूं लागली तशी इमारतींची गरज भासूं लागली. अमेरिकेंतील ल्यूसी पीबॉडी यांनीं आशियांतील स्त्रियांच्या सात महाविद्यालयांसाठीं मोठा निधि जमविण्याचें काम हातीं घेतलें होतें. स्त्रियांनीं वीस लाख डॉलर जमवावे म्हणजे रॉकफेलर यांच्या निधींतून दहा लाख मिळावेत, असा करार होता. तो पुरा झाला, आणि त्यांतला वांटा वेलोरास मिळाला. शहरांत नवें रुग्णालय उभें राहिलें, आणि १९३२ सालीं शहराबाहेर तीन-चार मैलांवर, बागायम येथें, टेंकड्यांच्या कुशींत महाविद्यालयाच्या दगडी इमारती झाल्या.

आतां सुखाचे दिवस आले असें वाटत असतांनाच मोठें संकट आलें. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें एल्. एम्. पी. चे वर्ग बंद करावयाचें ठरविलें. यापुढें वैद्यकीय शिक्षण विद्यापीठाच्या एम्. बी. बी. एस्. पदवीचेंच असावें, असा हुकूम झाला. वेलोरच्या शाळेला दोनच वाटा उरल्या: पदवीच्या दर्जाला चढावें, नाहीं तर दारें लावावीं. पदवीचा दर्जा म्हणजे अधिक खाटा, अधिक प्रयोगशाळा, आणि मोठ्या पदव्या घेतलेले किती तरी प्राध्यापक. आणि पैसा तर नाहीं.

सरकारचें चुकलें होतें काय? खेड्यांत जाणाऱ्या डॉक्टरांची संख्या या निर्णयानें घटेल, अशी भीति अनेकांना वाटत होती, व ती अगदींच खोटी ठरली असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. उलट बाजूनें, शहराला पुऱ्या शिक्षणाचा डॉक्टर आणि खेड्याला अपुऱ्या शिक्षणाचा, ही वांटणी न्यायाची कशी? खेड्यांतील बाईचें बाळंतपण शहरांतील बाईपेक्षां सोपें नसतें. १९४६ सालीं भोर समितीनेंही सर्व देशांत एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, आणि त्याला खेड्यांतील आरोग्याचें प्रत्यक्ष शिक्षण मिळावें, असाच अभिप्राय दिला. आयडाबाईंनीं वादांत वेळ घालविला नाहीं. सनद गेली तरी चालेल, पण मुली आणि झाडाखालचा दवाखाना राहिला पाहिजे, असें त्यांचें मत पडलें. १९४१ सालीं, वयाला सत्तर वर्षें झालेलीं असतां, आणि जगांत दुसरें महायुद्ध पेटलेलें असतां, त्या अमेरिकेस गेल्या व गांवोगांव भाषणें देत पैसा जमवूं लागल्या.

या खटपटींतून एक कडू प्रश्न पुढें आला. संस्था टिकावयाची तर ती सर्व ख्रिस्ती मंडळांनीं मिळून चालवावी, आणि तींत मुलग्यांनाही घ्यावें, अशी सूचना आली. ज्या भगिनींनीं पैपैसा जमवून स्त्रियांसाठीं म्हणून हें विद्यालय उभारलें, त्यांपैकीं कांहींना हा विश्वासघात वाटला. त्यांचें दुःख समजण्यासारखें आहे. स्त्रियांच्या हातीं मोठ्या कष्टानें आलेली वस्तु पुरुष आले म्हणजे त्यांच्याच हातीं जाते, हा त्यांचा अनुभव खोटा नव्हता. आयडाबाईंनाही तो निर्णय सोपा गेला नाहीं. जुन्या स्नेह्यांचीं मनें त्यापायीं दुखावलीं. अखेर त्यांनीं मुलग्यांच्या प्रवेशास मान्यता दिली, कारण न दिली तर मुलींचें विद्यालयही बुडत होतें. १९४२ सालीं मद्रास विद्यापीठानें पदवीच्या वर्गास मान्यता दिली. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं या कठीण काळांत संस्थेची धुरा वाहिली. १९४७ सालीं पहिले मुलगे वर्गांत आले.

१९४६ सालीं आयडाबाई निवृत्त झाल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थेचें संचालकपद डॉ. हिल्डा लाझरस या हिंदी बाईकडे आलें. तेव्हां आयडाबाईंना जो आनंद झाला असेल त्याची कल्पनाच केलेली बरी. त्यांचा उरलेला काळ कोडाईकानल येथील टेंकडीवरच्या घरीं व वेलोरास गेला. त्यांना टेनिसचा मोठा नाद होता आणि वय झालें तरी तो सुटला नाहीं. नव्यानें आलेले तरुण डॉक्टर या म्हाताऱ्या बाईला सांभाळून खेळूं म्हणून मैदानांत उतरत आणि हरून बाहेर येत, असें म्हणतात. परदेशांतून कोणी पाकिटावर नुसतें डॉ. आयडा, हिंदुस्थान, एवढेंच लिहून टाकलेलें पत्र त्यांना बिनचूक पोहोंचलें, अशीही एक गोष्ट सांगतात. मे १९६० मध्यें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, कोडाईकानल येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या मागें संस्था अशी वाढली कीं झाडाखालच्या मेजाशीं तिचें कांहीं नातें असेल असें परक्याला वाटूं नये. १९४८ सालीं डॉ. पॉल ब्रँड यांनीं महारोग्यांच्या वांकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून तीं पुन्हां कामास लावलीं. १९७१ सालीं या देशांतील पहिलें यशस्वी मूत्रपिंडरोपण तेथेंच झालें. मोठ्या शस्त्रक्रियांची कीर्ति झाली कीं गांवचें काम मागें पडतें, हें आपण अनेक ठिकाणीं पाहतों, आणि वेलोरासही तो धोका होताच. तेथें त्यावर एक उपाय दीर्घकाळ चालत आला. ख्रिस्ती मंडळांच्या शिफारशीनें प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं शिक्षण संपल्यावर दोन वर्षें कोठल्या तरी आडवळणाच्या मिशन रुग्णालयांत काम करण्याचें लेखी वचन द्यावयाचें, अशी ती रीत होती. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं अशा दूरच्या रुग्णालयांत उपचार घेतले असतील, त्यांना तेथला तरुण डॉक्टर वेलोरचा निघाल्याचा अनुभव आलाही असेल.

गुडियात्तमच्या ज्या रस्त्यावर १९०९ सालीं लोक मोटार पाहून पळाले, त्याच रस्त्यावर के. व्ही. कुप्पम् नांवाचें गांव लागतें. तेथें १९७७ सालीं महाविद्यालयानें खेड्यांच्या आरोग्यासाठीं एक स्वतंत्र केंद्र काढलें. ज्या गांवांना आयडाबाई आठवड्यांतून एकदां भेट देत, तेथें बारा महिने दवाखाना झाला. वैद्यकीच्या पहिल्याच वर्षीं विद्यार्थ्यांची एक तुकडी कांहीं आठवडे खेड्यांत राहावयास पाठविण्याचाही तेथें परिपाठ पडला. औषध कोणतें द्यावें हें त्यांना तेव्हां येत नसतें. ते दारोदार फिरून घरांत माणसें किती, पाणी कोठलें, मागच्या वर्षीं कोणाचें मूल गेलें आणि कशानें, हें विचारून वहींत लिहून घेतात.